काळा दगड, एक नग

१

‘काळा दगड, एक नग, वजन अंदाजे सव्वा किलो, रक्ताने माखलेला.’

रूपराव कशाने मेला याबद्दल सरकारी कागदावर एवढंच लिहिलेलं होतं. ते वाचून माझं डोकं फिरलं. तीस वर्षं मी वर्ध्याच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. या जिल्ह्यातला माणूस काळ्या दगडाच्या पायरीवर लहानाचा मोठा होतो, त्याच दगडावर धुणं आपटतो, त्याचाच देव करून शेंदूर लावतो, आणि हा दगड कोणता असं विचारलं तर सांगतो, काळा. जसं काही आपल्या शेजाऱ्याचं नाव विचारल्यावर ‘माणूस’ म्हणून सांगावं!

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना होता. भर दुपारी सुमित्राबाई माझ्या दारात येऊन बसल्या. पायात चप्पल नव्हती. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला कोरडोह नावाचं खेडं आहे, तिथून आल्या होत्या.

“सर, तुमी दगडाचे डॉक्टर हा ना? माहा चंदन तुमची लय याद काढे.”

चंदन मला आठवत होता. तीन वर्षांपूर्वी पोरांची सहल घेऊन मी तिकडे गेलो होतो. विहिरी खोदणारा हा तिशीतला गडी माझी पिशवी उचलून दिवसभर आमच्यामागे हिंडला होता. माझे विद्यार्थी सावली शोधत होते आणि हा एकेक दगड उचलून विचारत होता, “सर, याचं नाव काय?” मी म्हटलं, बेसाल्ट. “अन् याचं?” तोही बेसाल्टच. “मंग दोन येगळे काऊन दिसून राह्यले?” इतका चांगला प्रश्न मला वर्गात कुणी कधी विचारला नव्हता.

त्या चंदनला आता खुनाच्या आरोपाखाली धरलं होतं. रूपराव हा कोरडोहचा शेतकरी आपल्या वावरात तिसरी विहीर खोदवून घेत होता. परवा दुपारी मजूर जेवायला गेले होते. परत आले तर चंदन एकटाच दोर धरून विहिरीतून वर येत होता, सदरा रक्ताने भरलेला, आणि खाली रूपराव डोकं फुटून पडलेला. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं गावाने ऐकलं होतं.

“चंदन काय म्हणतो?” मी विचारलं.

“काहीच नाई म्हणत, सर. मी त्याची माय, माह्याशीबी बोलून नाई राह्यला. फाशी झाली तं?” त्यांनी पदर तोंडाशी धरला. “मले एकच पोरगा. विहिरी नसल्या का लोकायच्या जात्याले, पाट्याले टाकी लावून देते. कोणाचं वाईट नाई केलं त्यानं.”

मी पोलीस नाही, वकील नाही. मला एकच गोष्ट कळते. म्हटलं, तो दगड तरी पाहून येतो.

२

तो दगड ठाण्यात कुठे कुलपात नव्हता. ठाणेदारांच्या टेबलावर, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून, कागदांवर ठेवलेला होता. सुतळीने बांधलेली चिठ्ठी तेवढी त्याला लटकत होती.

“ठाणेदारसाहेब, हा पुरावा आहे हो!”

“आहे ना. डोळ्यासमोर आहे म्हणून तं सुरक्षित आहे.” ठाणेदार बबनराव हसून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. सुखी होता. “पाहा, पाहा. तुमच्याशी बोलला तं आम्हालेही सांगा.”

मी दगड उचलला. आकाराच्या मानाने जड. फुटलेली बाजू अगदी ताजी, निळसर काळी, कण इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. चाकूचं टोक ओढलं तर दगडावर ओरखडा न येता चाकूचंच पोलाद लागलं. लोहचुंबकाची सुई जवळ नेली तर ती किंचित वळली. बेसाल्टच, आणि तोही भरीव. एक भोक नाही की एक पांढरा ठिपका नाही. दुसरी बाजू चिखलारक्ताने लिंपलेली, पण हाताला गोलसर लागत होती. भिंग लावलं. तिथे रांगेने बारीक बारीक टोचे होते आणि टोच्यांच्या तळाशी काहीतरी पिवळट होतं. ते काय असावं हे मला उमगलं नाही. ठाण्यात आम्ही सहा पुरुष होतो आणि सहाही जणांना उमगलं नाही.

“हा नीट बांधून कपाटात ठेवा,” मी म्हटलं.

“ठेवतो. दगड कुठं पळून राह्यला?”

तिथून एस.टी.ने हिंगणी, पुढे पायी कोरडोह. नवी विहीर अठ्ठावीस फूट झाली होती. दोराला धरून मी स्वतः खाली उतरलो, सत्तावन्नाव्या वर्षी. वर सहा फूट काळी माती, खाली मुरूम, आणि मग तळापर्यंत ठिपक्यांचा दगड. काळ्या अंगावर डाळ सांडावी तसे पांढरे दाणे.

हे ठिपके समजून घ्यायला कोट्यवधी वर्षं मागे जावं लागतं. इथे लाव्हा पसरला तेव्हा त्याच्या वरच्या थरात वाफेचे बुडबुडे अडकून राहिले. दगड निवला, पोकळ्या तशाच राहिल्या, पुढे पाण्याबरोबर आलेली पांढरी खनिजं त्यांत भरली. पोटातला लाव्हा मात्र सावकाश थंड झाला आणि तिथे भरीव दगड तयार झाला. दोघांची आई एक, पण तोंडवळा वेगळा. ठिपक्यांचा दगड मऊ, पावसापाण्यात झरणारा. भरीव दगड पिढ्यान् पिढ्या टिकणारा.

वर येऊन विहिरीतून निघालेल्या दगडांचा सगळा ढीग मी उपसून पाहिला. अंधार पडायच्या आत खात्री झाली. त्या ढिगात भरीव दगडाचा एक तुकडा नव्हता.

रूपरावला मारणारा दगड त्या विहिरीतला नव्हताच. तो कुणीतरी बाहेरून आणला होता.

३

दुसऱ्या दिवशी मी बंडूजींना गाठलं. बंडूजी म्हणजे त्या भागातले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरात फिरायचे आणि नारळ उभा झाला की सांगायचे, इथं खोदा. रूपरावच्या तिन्ही विहिरींची जागा त्यांनीच दाखवली होती. पहिल्या दोन कोरड्या गेल्या. तिसरीही गेली तर गावासमोर नाक कापीन, असं रूपराव त्यांना बोलला होता.

“बोलला होता,” बंडूजी म्हणाले. “म्हणून का मी त्याले मारीन? अन् मारतो तं नारळानंच मारलं असतं, जी!”

त्यांच्या देव्हाऱ्यात एक गुळगुळीत काळा दगड होता. मी हात पुढे केला. भरीव बेसाल्ट! भिंग लावलं तर तो नदीतला गोटा निघाला. पाण्याने सगळ्या बाजूंनी सारखा घासलेला, टोचा एकही नाही. मी तो जागेवर ठेवला.

“चंदनचं अन् रूपरावचं भांडण कशावरून झालं?”

“आता खोदणाऱ्याचं अन् खोदवणाऱ्याचं! चंदन ओरडून राह्यला होता, आधी ते करा मंग खोदतो, नाईतर हात नाई लावत. ते म्हंजे काय, ते मले नाई मालूम. गजेंद्रले इचारा.”

गजेंद्र रूपरावचा धाकटा भाऊ. वाटणीत त्याला धुऱ्यापलीकडचं, म्हणजे बांधाच्या पलीकडचं, वावर आलं होतं. नव्या विहिरीचं पाणी देणार नाही, असं भावाने त्याला तोंडावर सांगितलेलं.

“मी तवा हिंगणीच्या बाजारात होतो. धा माणसं सांगतीन,” गजेंद्र म्हणाला. त्याने मला दुसरी विहीर दाखवली. नव्या विहिरीपासून साठेक पावलांवर, उताराला, चाळीस फूट खोल, कोरडी ठणठणीत. काठाला ना कठडा ना काटेरी फांदी. गवतातून चालताना पुढचं पाऊल सरळ आत पडावं अशी. “हे बी चंदननंच खोदली. खाली असा पत्थर लागला का छन्नी वाकून जाये.”

तिच्या ढिगात भरीव दगडच भरीव दगड होते. निळसर काळे, माझ्या ओळखीचे. म्हणजे हत्यार इथून उचललं होतं का? पण हे सुरुंगाने उडवलेले तुकडे, सगळ्या कडा पात्यासारख्या. ठाण्यातल्या दगडाची एक बाजू गोल होती. इथला गोल दगड मला एकही सापडला नाही.

“भांडण याच विहिरीवरून झालं,” गजेंद्र खाली बघत म्हणाला. “दोन वर्षाआधी आमची रक्षा यातच पडली. भावाची मोठी पोट्टी. सात वर्साची होती. चंदन म्हणे, आधी याले कठडा बांधतो मंग नवी खोदतो. भाऊ म्हणे, आधी पाणी लागू दे.”

संध्याकाळी ठाण्यात चंदनला भेटायची परवानगी मिळाली. कोठडीच्या गजांमागे तो उकिडवा बसला होता. मी कितीतरी विचारलं. तो नखाने फरशी उकरत राहिला. मी उठलो तेव्हा हळूच म्हणाला, “दगड पाह्यला का, सर?”

“पाहिला.”

“कोणता होता?”

“भरीव. ठिपका नाही.”

चंदनने डोळे मिटून घेतले.

“सर, तुमाले हात जोडतो,” तो म्हणाला. “हे कोणाले सांगू नका.”

४

जो भेद त्याला फासावरून उतरवू शकत होता तो मी लपवून ठेवावा! मला चंदनचा राग आला. तिकडे त्याची आई ठाण्याच्या पायरीवर तिसऱ्या दिवशीही बसलेली होती.

राहिली होती रूपरावची बायको, आनंदाबाई. सुतकाच्या घरी प्रश्न घेऊन जायचं मला जड जात होतं, म्हणून त्यांना शेवटी ठेवलं होतं. चौदाव्या दिवशी गेलो. मातीचं सारवलेलं घर, दोन खोल्या. त्यांची धाकटी, पाच वर्षांची वर्षाली, दारात बसून चिंचोके खेळत होती.

आनंदाबाई उंच, हाडकुळी बाई. बोलणं तुटक, पण पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही एवढं त्या दुःखातही त्यांना सुटलं नव्हतं. पुढ्यात भाकर, ठेचा आणि पाण्याचा गडू ठेवला.

“मी सैपाक करून जेवण घेऊन गेलती,” त्या म्हणाल्या. “जेवण ठेवलं अन् घरी आलो. मंग लोकच सांगाले आले. मले काही मालूम नाई.”

मी भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तोंडात टाकला. दाताखाली कचकन् आवाज झाला. खडा असेल म्हणून दुसरा घास घेतला, तोही कचकचला. शेवटी मी ठेचा बाजूला सारला आणि कोरडी भाकर खाल्ली. शहरी माणसाचे नखरे वाटले असतील त्यांना.

आतल्या खोलीत आढ्याला पाळणा टांगलेला होता. वर्षालीने चिंचोके टाकले आणि पाळण्याची दोरी ओढली. पाळणा करकरत हलला. आत कुंची घातलेली बाहुली होती, मानेपर्यंत पांघरूण घेतलेली.

“बाहुली झोपली वाटतं?” मी विचारलं.

“बाहुली नाई. ताई आहे ते,” वर्षाली म्हणाली.

आनंदाबाईंनी तिला एकदम जवळ ओढलं. “पोट्टीचं काय ऐकता, जी. चहा ठेवू का?”

मी निघालो. वाटेत मला सारखं काहीतरी खुपत होतं. काय ते सांगता येत नव्हतं. हिंगणीच्या स्टॉपवर एस.टी.ची वाट बघताना एकदम लक्षात आलं. पाळण्याच्या चारही दोऱ्या ताणून बसल्या होत्या. चिंध्यांच्या बाहुलीला कसलं आलंय वजन!

५

घरी आलो तर आमच्या सौ. मीराबाई मिक्सरवर चिडलेल्या. वीज गेलेली. दाराआडून त्यांनी पाटा ओढला आणि वरवंटा माझ्या हातात दिला.

“हा बघा, काचेसारखा गुळगुळीत झालाय. मिरची नुसती सरकते याच्यावरून. तुमचे एवढे दगडवाले ओळखीचे, कुणाकडून तरी टाकी लावून आणा ना!”

मी वरवंट्याकडे बघत उभा राहिलो. गोल, भरीव बेसाल्ट. पाथरवट याच दगडाचा करतात, कारण हा झरत नाही. आणि टाकी लावणं म्हणजे छन्नीने त्यावर बारीक टोचे पाडणं. रांगेने. त्या टोच्यांत वर्षानुवर्षांची हळद बसते.

तीस वर्षं दगड शिकवला आणि रोज ज्याची चटणी खाल्ली तो मला ओळखता आला नाही, कारण एकदाही मी वाटायला बसलो नव्हतो. ठाण्यातला दगड म्हणजे उभा चिरलेला अर्धा वरवंटा होता.

पुढचं आपोआप जुळत गेलं. ज्या घरातला वरवंटा गेला त्या घरात वाटण कशाने होत असेल? हाताशी येईल त्या दगडाने. विहिरीच्या ढिगातला ठिपक्यांचा दगड उचलला तर तो पाट्यावर झरतो, त्याचे पांढरे दाणे सुटतात आणि ठेच्यात कचकचतात. चंदन लोकांच्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचा. म्हणजे तो वरवंटा त्या दिवशी त्याच्याकडेच, विहिरीच्या काठावर होता. जेवण घेऊन येणारी बाई तो परत न्यायला थांबली असणार.

आणि दुसरा अर्धा भाग? ज्याने मारलं त्याला तो बोर धरणात फेकून देता आला असता. धरण कोसभर अंतरावर. तरी फेकला नाही. का फेकला नाही ते मला मीराबाईंनी सांगितलं, मी काही न विचारता.

“जपून धरा,” त्या म्हणाल्या. “आपल्या आचलच्या बारशाला पोरीआधी हाच पाळण्यात घातला होता.”

आमच्याकडे बारशाला लेकराच्या आधी वरवंटा पाळण्यात जातो. त्याला कुंची घालतात, काजळ लावतात, बायका तो पाळण्याखालून एकीकडून दुसरीकडे देतात. लेकरू त्याच्यासारखं टिकावं म्हणून. रक्षाच्या आधीही त्या पाळण्यात तोच वरवंटा गेला असणार.

६

“ताई झोपली आहे का अजून?” दुसऱ्या दिवशी कोरडोहला जाऊन मी आनंदाबाईंना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत जाऊन पाळण्यातली कुंची उचलून आणली आणि माझ्या पुढ्यात सोडली. आतून वरवंट्याचा अर्धा भाग निघाला. धुतलेला, तेल लावलेला.

“माहीत होतं मले. तुमी ठेचा ठेवला तवाच समजलं.” त्या भिंतीला टेकून बसल्या. “त्या दिवशी सकाळी वर्षाली दिसे ना. पाह्यलं तं त्या विहिरीच्या काठावर बसलेली, पाय आत सोडून. ताईशी बोलून राह्यली होती. मी तिले उचलून आणलं. दुपारी जेवण घेऊन गेलती. चंदनभाऊनं वरवंट्याले टाकी लावून ठेवली होती, ते उचलला अन् काठावर उभी राह्यलो. हे खाली उतरून पाणी पाहून राह्यले होते. मी म्हटलं, आजच्या आज कठडा बांधा. तं खालूनच म्हणते, एक गेली तं काय जग बुडालं का, दुसरी आहे ना.”

दारातल्या वर्षालीचे चिंचोके वाजत होते.

“हातात होता, सर. फेकाचा म्हणून नाई उचलला.”

बाभळीखाली टेकलेला चंदन धावत आला, दोराने खाली गेला. रूपराव संपला होता. वरवंटा दगडावर आपटून दोन झाला होता. एक तुकडा त्याने सदऱ्यात घातला. दुसरा अंगाखाली दबला होता, तो निघेना. वर येऊन त्याने तुकडा आनंदाबाईंच्या पदरात टाकला आणि म्हणाला, घरी जा, वैनी. मग दुसरा काढायला तो पुन्हा खाली उतरला, आणि रिकाम्या हाताने वर येताना मजुरांनी त्याला पाहिलं.

“त्यानं असं का केलं?”

“रक्षा पडली ते विहीर त्यानंच खोदली. कठड्याशिवाय सोडून गेलतो, म्हणे, हे पाप माहं आहे.”

मी म्हटलं, “बाई, त्याची आई ठाण्याच्या पायरीवर बसलेली आहे.”

“मले दोन दिवस द्या,” त्या म्हणाल्या. “पोट्टीले समुद्रपूरले भावाकडे सोडून येतो. मंग मी सोता ठाण्यात येतो. हे तुमच्यापाशी ठेवा.” आणि तो अर्धा वरवंटा त्यांनी माझ्या हातात दिला.

त्याच दिवशी ठाण्यात जाऊन दोन तुकडे जोडून दाखवले असते तर? त्या दोन चिरा एकमेकींत अशा बसल्या असत्या की आंधळ्यालाही कळलं असतं. पण मी त्या पोरीकडे पाहिलं आणि दोन दिवस दिले. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

७

तिसऱ्या दिवशी आनंदाबाई आल्या नाहीत. भावजयीने पोरीला ठेवून घ्यायला नकार दिला होता, त्या तिला घेऊन परत कोरडोहला आल्या होत्या. मी पिशवीत तुकडा घेऊन ठाण्यात गेलो. भिंती पांढऱ्याशुभ्र, अंगणात चुन्याचे डबे. वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून दोन दिवसांत सगळं ठाणं रंगवून काढलं होतं. कपाटं बाहेर, सामान बाहेर.

“दगड दाखवता का जरा?” मी विचारलं.

बबनरावांनी पुडकं आणवलं. नवं कापड, नवी सुतळी, चिठ्ठी तीच. सोडलं. आत काळा दगड होता. त्याच्या अंगावर डाळ सांडावी तसे पांढरे दाणे होते.

“हा तो नव्हे,” मी म्हटलं.

“तो चुन्यात पडला होता, कामावरच्या बाईनं तगारीत भरून फेकला कुठंतरी,” बबनराव आवाज खाली आणून म्हणाले. “शिपायानं त्याच विहिरीवरून दुसरा आणला. वजनही तेवढंच भरलं. रक्त काय, वाळून झडते. अहो सर, दगड तो दगड. काळा, एक नग. लिहिल्याप्रमाणे आहे ना?”

मी त्यांना सगळं सांगितलं. अर्धा वरवंटा दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून परत दिला. “घराघरात निघन असा. याचा जोडीदार कुठाय?”

ठाण्यामागचा उकिरडा मी तीन दिवस उपसला. सुमित्राबाई माझ्याबरोबर उपसत होत्या. काय शोधायचं ते मी त्यांना सांगितलं होतं. कुणाचं ते सांगायची हिंमत झाली नव्हती. ट्रॉली भरून मलबा आधीच कुठल्यातरी रस्त्याच्या भरावात गेला होता.

खटला वर्षभराने उभा राहिला. चंदनने वकिलाला बजावलं होतं, वरवंट्याचं नाव काढाल तर मीच मारलं म्हणून सांगीन. तरी मी साक्षीला उभा राहिलो. म्हणालो, मी पाहिलेला दगड हा नव्हे. सरकारी वकिलांनी शांतपणे विचारलं, “तुम्ही पाहिलात त्या दिवशी काही टिपण केलं होतं? चित्र? फोटो?”

केलं नव्हतं. विद्यार्थ्यांना तीस वर्षं ओरडत आलो की नमुना हातात घेतला की आधी वहीत लिहा. मी स्वतः एक ओळ लिहिली नव्हती.

मग आनंदाबाईंना बोलावलं. वर्षाली त्यांच्या पदराला धरून पिंजऱ्यापाशी आली, शिपायाने तिला बाकावर बसवलं. पुडकं उघडून त्यांच्यासमोर धरलं.

आनंदाबाईंनी त्या दगडाकडे पाहिलं. आयुष्यभर वरवंटा हातात धरलेली बाई ती. एका नजरेत त्यांना कळलं की हा आपला नाही, आणि आपलं आता कुणी काही करू शकत नाही. त्यांनी बाकावरच्या पोरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“तुमच्या पतीच्या अंगाखाली सापडला म्हणून तुम्हाला दाखवला होता तो हाच दगड का?”

“हो,” त्या म्हणाल्या. “हाच.”

चंदनला जन्मठेप झाली. त्याला घेऊन जाताना मी दाराशी उभा होतो. जाता जाता तो म्हणाला, “दगड बदलला नं, सर? ठिपक्याचा होता.” वीस हातांवरून त्याने ओळखला होता. न्यायालयात एवढी शिकलेली माणसं बसली होती, त्यांच्यापैकी एकानेही तो धड पाहिला नव्हता.

सुमित्राबाई त्या पावसाळ्यातच गेल्या. शेवटपर्यंत त्या विचारायच्या, सर, तो दुसरा दगड कुठं सापडन का? मी म्हणायचो, बघू.

दोन हजार एक साली मी कोरडोहला गेलो. तो तुकडा मला घरात नकोसा झाला होता. नव्या विहिरीला एकतीस फुटांवर पाणी लागलं होतं. आणखी तीनच फूट खोदायचे राहिले होते. आनंदाबाईंनी तुकडा पदरात घेतला आणि दुसऱ्या विहिरीकडे हात केला. तिला कमरेएवढा गोल कठडा होता. वर्षाली त्यावर कोपर टेकून उभी होती, शाळेच्या फ्रॉकात.

“चंदनभाऊले सांगजा,” आनंदाबाई म्हणाल्या.

मी नागपूरला तुरुंगात जाऊन सांगितलं. जाळीपलीकडे चंदनचे केस पिकायला लागले होते. त्याचा चेहरा उजळला. मग त्याने विचारलं, “कोण्या दगडाचा बांधला, सर?”

“नव्या विहिरीतल्याच. ठिपक्यांच्या.”



“मंग टिकन नाई, सर,” तो म्हणाला. “दहा-पंधरा पावसाळ्यात झरून जाईन. तिले सांगा, भरीव दगडाचा बांधाले पायजे होता.”